गयाबाईच्या दुधात पाणी नव्हतं

शैले, गंगाखेडला घाटावर तुझा दहावा झाला तेव्हा मी आले होते. मागच्या पायरीवर उभी होते. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. बायका हळहळत म्हणाल्या, बरं झालं, पोरीचं मागं काही राहिलं नव्हतं. मला हसू आलं. आमच्या बौद्ध घरात कावळ्याचं काही मानत नाहीत, आणि त्या दिवसापासून तर मी मुळीच मानणार नाही.

मग भाषणं झाली. दूध केंद्राचे सचिव उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल सावरत म्हणाले, "शैलाताईनं कधी आपली चूक दुसऱ्यावर ढकलली न्हाई. असं माणूस आता व्हणं न्हाई." मी पायऱ्या चढून वर आले, समोरच्या रसवंतीत बसले आणि बिनबर्फाचा रस मागवला. घशाखाली उतरेना. अर्धा तसाच ठेवून उठले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुजे, मेलेल्या बाईवरचा तरी राग सोड." नाही सोडत. तुला चांगलं म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात माझी भर नको. मला तुझ्याकडून एक वाक्य हवं होतं. चूक माझी होती, सुजे. एवढंच. दोन वर्षं मी त्याची वाट पाहिली आणि तू ते न बोलता गेलीस.

तुझ्याकडून मी काय शिकले तेही सांगते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. पॉलिटेक्निकला सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकताना मला पॉइंटर काही केल्या कळत नव्हता. सर फळ्यावर चौकोन काढायचे, बाण काढायचे, वर्ग माना हलवायचा, मीही हलवायचे. तू मला कँटीनच्या मागे नेलंस आणि म्हणालीस, "पॉइंटर म्हंजे घर न्हाई, घराचा पत्ता. पत्ता हातात हाय म्हणून माणूस तिथंच हाय असं समजू नको. भाडेकरू बदलला असंल. दुसरंच कुणीतरी राहायलं असंल. बेल मारायच्या आधी इचारायचं." त्यानंतर मला सी कधी जड गेली नाही. आता मी क्लासमध्ये मुलांना शिकवते तेव्हा हेच सांगते, तुझ्याच शब्दांत. तुझं नाव मात्र घेत नाही.

आपली खोली आठवते ना? मोटार वाइंडिंगच्या दुकानाच्या वर. खालून दिवसभर जळक्या वार्निशचा वास यायचा आणि तुझ्या वडिलांना वाटायचं, वरती आपणही मोटारीच दुरुस्त करतो. तू यंत्राशी बोलायचीस, मी आकड्यांशी. दूध केंद्रावरचं फॅट मोजायचं मशीन, काटा, प्रिंटर यांना जे काही सांगायचं ते तू सीमध्ये लिहायचीस. पुढचा सगळा हिशोब मी ओकॅमलमध्ये. ती भाषा मी हट्टाने शिकले होते. तिच्यात सगळं फंक्शनमधून चालतं, एकदा ठरलेली किंमत कोणी गुपचूप बदलू शकत नाही, आणि चूक असेल तर प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच ती तोंडावर सांगते. मला तिचा तो स्वभाव आवडायचा. तुला नाही आवडायचा.

"तुझी भाषा म्हंजे लाडावलेली पोरगी," तू म्हणायचीस. "सोताचं ताट उचलत न्हाई. मागं आवरायला बाई ठेवलीय तिनं."

"आणि तुझी सी म्हणजे घरभर पसारा करून किल्ली हरवणारी," मी म्हणायचे. मग चहा यायचा.

पण ती आवरणारी बाई खरीच आहे, शैले, आणि सगळं तिच्यावरच अडलं. सीमध्ये मेमरीतली जागा आपणच मागायची आणि काम झालं की आपणच परत करायची. ओकॅमलमध्ये ते भाषाच करते. नको झालेलं फेकते, आणि पसारा फार झाला की कधीतरी सगळी फळी पुसून डबे नव्याने लावते. तेव्हा साखरेचा डबा होता तिथे राहत नाही. भाषेला स्वतःला नवी जागा माहीत असते. जी बाहेरची बाई जुनी जागा लक्षात ठेवून डोळे मिटून हात घालते, तिच्या हाताला तिखट लागतं.

बाहेरची बाई म्हणजे तू. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मशीनचा आकडा उतरवून घ्यायला मी तुला माझ्याकडची एक जागा देते, तिला आपण बफर म्हणू. तिचा पत्ता तेवढ्या कामापुरता वापर. जपून ठेवू नकोस. पुढच्या आकड्याला नव्याने माग.

"सारखं सारखं काय मागू?" तू म्हणालीस. "एकदा दिलंस ना!"

आणि हसलीस. मला वाटलं, ऐकलंस. मला पॉइंटर शिकवणाऱ्या बाईला पॉइंटर काय शिकवायचा, असंही वाटलं असेल.

पिंगळी स्टेशनच्या अलीकडच्या त्या गावात आपला प्रोग्राम बसला आणि वर्षभर गाईसारखा चालला. सकाळी लोक कॅन घेऊन यायचे, नमुना मशीनमध्ये जायचा, पडद्यावर फॅट यायचं, पावती निघायची. सचिव खूश. आपण दोघी परभणीभर मिरवलो. यश आपलं नव्हतंच, ते लोडशेडिंगचं होतं. रोज दुपारी वीज जायची, कॉम्प्युटर बंद पडायचा आणि संध्याकाळच्या दुधाला कोऱ्या पाटीने सुरू व्हायचा. फळी आवरायची वेळ येण्याइतका पसारा कधी साठलाच नाही. तुझ्या हातातला जुना पत्ता रोज आपोआप नवा होत होता. ही चूक चोवीस तास वीज असलेल्या गावात पहिल्याच आठवड्यात सापडली असती. आपल्याकडे ती वर्षभर सुखाने नांदली.

मग केंद्राच्या पत्र्यावर सोलर बसलं, खाली बॅटरी आली. कॉम्प्युटर बंद होईना. गावाने पेढे वाटले आणि आपला प्रोग्राम मरायला लागला. अधूनमधून, काही कारण नसताना, पडदा काळा आणि वर ती एकच ओळ, सेगमेंटेशन फॉल्ट. कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. आपल्या खोलीवर चालवून पाहिला तर मुळीच पडेना, कारण आपल्या खोलीची वीज अजून जात होती. हे मला तेव्हा सुचलं असतं तर! पण मी माझ्याच कोडची ओळ न् ओळ पिंजत बसले होते. तुझी बाजू तू मला दाखवत नव्हतीस. बांधून तयार केलेली फाइल द्यायचीस, आतलं नाही. "माझ्या कोडवर शंका घेतीस का?" म्हणायचीस.

आणि ती सकाळ. प्रोग्राम पडतो कसा ते डोळ्यांनी बघू, म्हणून आपण दोघी केंद्रावर जाऊन बसलो होतो. गयाबाई आली. एका म्हशीवर घर चालवणारी बाई, तिचं दूध केंद्रातलं सगळ्यात दाट, सगळ्यांना माहीत. नमुना लावला. पडद्यावर आकडा आला तो गाईच्या दुधाचा, तोही पातळ.

सचिव चष्मा वर करून म्हणाले, "गयाबाई, हे काय? पाणी घातलंय का?"

"माझ्या म्हशीच्या गळ्याची आन," ती म्हणाली. "थेंब न्हाई घातला, दादा."

रांगेतलं कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, मशीन खोटं बोलत नसतं. गयाबाईने मशीनकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, कॅन उचलला आणि सगळं दूध केंद्रासमोरच्या नालीत ओतून दिलं. रिकामा कॅन घेऊन सरळ चालत गेली. मागच्या माणसाचा नमुना लावला, त्यालाही तोच आकडा. त्याच्या मागच्याला लावला आणि प्रोग्राम पडला.

मी पावत्या पाहत होते. गयाबाईच्या पुढे ज्याचं गाईचं दूध होतं त्याचा आकडा आणि तिचा आकडा एकच. दशांशापर्यंत एकच. मी तुझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शैले, हा नवा आकडा नाहीच. आधीचाच परत दिसतोय. तू नवा आकडा जुन्या जागेवर लिहितेस आणि मी नव्या जागेवर वाचतेय. तू पत्ता जपून ठेवलास का?"

तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. तुझी मान लाल झाली होती, तेवढं मला दिसलं. मग सचिवांकडे वळलीस आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणालीस, "साहेब, माझं सी हाय. मी कॉलेजपासून लिहायलेय, कधी धोका न्हाई. ही हिची नवी भाषा हाय, तिच्यातच खोट हाय. काढून टाकते ती."

"त्यांचं असंच असतंय," रांगेतून आवाज आला. कोणाचं, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तू राणीसावरगावच्या बागायतदाराची पोर आणि मी बौद्धवाड्यातल्या गुरुजींची. तो आवाज तू ऐकलास. मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते, आता तरी बोलशील म्हणून. तू केबल गुंडाळत होतीस.

दुसऱ्या दिवशी खोलीची किल्ली तुझ्या टेबलावर ठेवून मी निघाले. सुजाताबाईच्या प्रोग्रामने चांगल्या दुधात पाणी दाखवलं, ही गोष्ट परभणीत माझ्या आधी सगळीकडे पोचली होती. ज्यांच्याकडे माझं काम चालू होतं त्यांनी गोड बोलून थांबवलं. वडिलांनी एकदाच विचारलं, "तुझी चूक होती का?" मी नाही म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला. पण गावात ते पूर्वीसारखे पारावर बसेनासे झाले. हे तुला कधी कळलं का? मी क्लास काढला. शिकवायला मला आवडतं, म्हणून रडत नाही. पण तो मी निवडला नव्हता, शैले.

तुझ्या आजाराची बातमी दुसऱ्याकडून कळली. मी राणीसावरगावला आले. भर उन्हात, बसने, तीही गंगाखेडला बदलून. मनात एकच, आता सांगशील. तुझी आई पाणी देऊन आत गेली. तू बाजेवर होतीस, मनगटं काटकीसारखी झाली होती. आपण कशाकशावर बोललो! कँटीनवाल्याच्या पोरीचं लग्न, तुझ्या आईचं लोणचं, वाइंडिंगवाल्याने दुकान विकलं. दुपार सरली. मी उठले तेव्हा तू उशाजवळून एक स्टीलचा डबा काढलास आणि माझ्यापुढे धरलास.

"हा घेऊन जा. तुझाच हाय."

झाकणावर नाव कोरलेलं होतं, रुखमाबाईकडून भेट. उघडला तर आत साखर. मी म्हणाले, हा माझा नाही. "तुझाच हाय, सुजे. ठेव." मला वाटलं औषधांनी तुझं डोकं जाग्यावर नाही. मी झाकण लावून डबा फळीवर ठेवला. तू डोळे मिटून घेतलेस आणि "बरं" म्हणालीस. तेच शेवटचं.

दहाव्यानंतर चार दिवसांनी सचिवांचा फोन. "शैलाताई गेल्या. आता त्या कॉम्प्युटरकडं कोण बघणार? तुमीच बघा, ताई." दोन वर्षांनी मी ताई झाले! जाणार नव्हते, तरी गेले. कॉम्प्युटर उघडला. तुझा सगळा कोड तिथे होता, आतल्या ओळींसकट. माझा ओकॅमलचा कोड जसाच्या तसा. काढून टाकते म्हणाली होतीस ना? एक अक्षर हललेलं नव्हतं. तुझ्या बाजूची जुनी प्रतही शेजारीच होती, तिच्याशी ताडून पाहिलं तर एक ओळ तेवढी बदललेली. पत्ता जपून ठेवणारी ओळ नाहीशी आणि तिच्या जागी दर आकड्याला माझ्याकडून नव्याने जागा मागणं. अगदी मी सांगितलं होतं तसं. बदलाची वेळ पाहिली. मी किल्ली ठेवून गेले त्याच आठवड्यातली.

घरी येऊन तुझी जुनी ओळ परत लिहिली, प्रोग्रामला मुद्दाम फळी आवरायला लावली. दुसऱ्या नमुन्याचा आकडाही पहिल्याचाच आला. थोड्या वेळाने पडला. मी पुन्हा केलं, पुन्हा पडला. इतक्या वर्षांत कुठल्या क्रॅशने मला इतका आनंद दिला नव्हता, आणि तो सांगायला जिच्याकडे धावत गेले असते ती तू. खुर्चीत बसून रडले. रागाने का कशाने, ते विचारू नकोस.

पण कोणाला तरी सांगायला हवंच होतं. मी गयाबाईकडे गेले. दूध काढून झालं होतं, ती म्हशीला पेंड घालत होती. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, मावशी, त्या दिवशी तुमच्या दुधात पाणी नव्हतं.

"ठाव हाय की मला," ती म्हणाली. "तुमच्या त्या बाई सांगून गेल्या."

मला आधी कळलंच नाही. "कोण बाई?"

"शैलाबाई. दोन साल झाले असतील. हितंच बाजंवर बसल्या. म्हणल्या, मावशी, खोट माझी व्हती, मशीनची न्हाई, सुजाताची बी न्हाई. मला त्यातलं काय कळतंय? पर लय रडायल्या व्हत्या. मंग म्या बी राग सोडला, दूध परत घालायली." तिने हात पदराला पुसले. "म्हैस मधी आटली व्हती, तवाच व्याली व्हती. डबाभर खरवस दिला. म्हणलं, त्या जोडीदारणीला बी न्या, दोघी मिळून खावा. म्हणल्या, हितून नीट तिच्याकडंच जायलेय."

मी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"कसा झाला व्हता वो खरवस?" गयाबाईने विचारलं.

"छान झाला होता," मी म्हणाले.

"डबा तेवढा ऱ्हाऊन गेला. डब्याचं काय न्हाई, पर माय गेली माझी. तिचं नाव हाय त्याच्यावर, रुखमाबाई."

शैले, तिथून माझं घर किती लांब होतं गं? गाडीवर पाव तास. डांबरी रस्ता. एका म्हशीवर जगणाऱ्या बाईच्या अंगणात बसून तू रडू शकलीस, तिच्यासमोर माझं नाव निर्दोष म्हणून घेऊ शकलीस, आणि माझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवलीस. का अर्ध्या रस्त्यातच? आणि त्या खरवसाचं काय केलंस? एकटीने खाल्लास? घशाखाली उतरला?

मला त्या रांगेत, त्या माणसांसमोर हवं होतं ते वाक्य. ते जमणार नव्हतं तर घरी येऊन सांगायचंस. तेही नाही तर त्या दुपारी बाजेवर. मी समोर बसले होते की. तोंडाने बोलवेना म्हणून दोन वर्षं डबा उशाशी ठेवलास आणि कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणून त्यात साखर घातलीस. मी काय समजायचं होतं त्या साखरेतून? मी आकडे वाचणारी बाई आहे. मला सरळ सांगावं लागतं, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

सचिवांना मी अजून काही बोललेले नाही. बोलणार आहे, सकाळच्या वेळी, रांग असताना. तुझं नाव घेऊन बोलणार. त्याची माफी मी तुझ्याकडे मागणार नाही.

त्याआधी रविवारी राणीसावरगावला जाऊन येते. डबा फळीवर ठेवला होता तिथेच असेल, तुझी आई गेलेल्या लेकीच्या वस्तू हलवणारी नाही. तो गयाबाईला पोचवायचा आहे. साखर आहे तशीच राहू देते. आई विचारेल, कुणाचा गं हा, आपल्यात कुणी रुखमाबाई न्हाई. तिला बिचारीला काय काय सांगत बसू? माझाच आहे म्हणेन.